सेन्योर राजाराम यांना निरोप

चौबळांच्या घराण्यात आजवर कोणी कोणाची आशा सोडलेली नाही. याचं मुख्य कारण असं, की आशा सोडायची तर कोणीतरी पहिल्यांदा तसं तोंडानं म्हणावं लागतं, आणि पहिल्यांदा कोणी म्हणायचं यावर चौबळांचं कधी एकमत झालं नाही. गुरुनाथ राजाराम चौबळ १९५६ साली एका वर्षाच्या करारावर क्युबाला गेले. साखरेचे केमिस्ट होते. आज परत आले असते तर एकशे पाच वर्षांचे असते. तरीही त्यांच्या थोरल्या मुलीनं, सुलभाताईंनी, अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या घरात शनिवारी सकाळी चहात बिस्किट बुडवत आपल्या मुलाला, अवधूतला, शांतपणे विचारलं, "ते गेले असं तुला कोणी सांगितलं?"

अवधूतनं दुसऱ्या दिवशी दहा वाजता गुरुजी बोलावले होते.

पितृपक्ष संपत आला होता आणि सर्वपित्री अमावस्या रविवारी आली होती. अमेरिकेत गणपती शनिवारी बसतो आणि संक्रांत पुढच्या वीकेंडला ढकलली जाते. ही अमावस्या कोणी न ढकलता आपणहून रविवारी आलेली बघून अवधूतला तो संकेत वाटला. त्याची नोकरी मार्चमध्ये गेली होती आणि सप्टेंबरपर्यंत दुसरी आली नव्हती. नागपूरच्या एका ज्योतिष्यांनी व्हिडिओ कॉलवर कुंडली बघून सांगितलं, आईकडचा एक पुरुष अतृप्त आहे, त्याचं कोणी काही केलेलं नाही. हे अवधूतला तत्काळ पटलं. सहा महिन्यांत एकाही रिक्रूटरनं त्याला इतकं नेमकं कारण दिलं नव्हतं.

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला करतात, हे सुलभाताईंना मान्य होतं. पण तिथी माहीत नसणं वेगळं आणि माणूस गेलाय हेच माहीत नसणं वेगळं, असा त्यांचा मुद्दा होता. तो त्यांनी आठवडाभर, आवाज न चढवता, सुनेकडे, मुलाकडे आणि एकदा घरी आलेल्या प्लंबरकडे मांडला होता.

दुपारी त्यांची धाकटी बहीण शुभा न्यू जर्सीतल्या एडिसनहून विमानानं आली. एका बॅगेत तिथल्या ओक ट्री रोडवरची मिठाई, दुसरीत तीन पिशव्यांत गुंडाळलेले सुक्या कोळंबीचे सोडे. अवधूतच्या बायकोनं, यामिनीनं, सोडे हातात घेतले आणि पितृपक्ष चालू आहे याची नम्रपणे आठवण करून दिली.

"त्या माणसाचं मी काही पाळत नाही," शुभा म्हणाली आणि फ्रीज उघडून स्वतःच जागा केली.

घरात वडिलांना भाऊ म्हणत. शुभा 'तो माणूस' म्हणायची. ती त्यांच्या जाण्यानंतर सहा महिन्यांनी जन्मली होती. क्युबाहून शेवटचं पत्र आलं ते तिच्या जन्माआधी. ती झाल्याचं कळवलं त्याला उत्तरच आलं नाही. भाऊ क्रांतीत अडकले, अशी घराण्याची अधिकृत भूमिका होती. ही क्रांती करार संपल्यावर दीड वर्षानं झाली, हे शुभानं सातवीत असताना भूगोलाच्या बाईंकडून काढून घेतलं होतं, आणि तेव्हापासून ती ते दर दिवाळीला सांगत आली होती. श्राद्धाला तिचा बिनशर्त पाठिंबा होता. "करून टाक रे अवधूत. तो माणूस मेला असं कोणी एकदा गंभीरपणे म्हणत असेल तर मी तिकीट काढून ऐकायला येते. आलेच आहे."

तेव्हा जेवणाच्या टेबलावर स्थिती अशी होती: अवधूत, यामिनी आणि शुभा एका बाजूला, सुलभाताई दुसऱ्या बाजूला, वरणभात जेवत, पूर्ण बहुमतात असल्यासारख्या.

तिसरी बाजू अवधूतची मुलगी चैत्राली होती. ती काल रात्री फ्लोरिडाहून गाडी चालवत आली होती आणि जेवण झाल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडत बसली होती.

आजोबांना शोधणं हा अवधूतचा जुना छंद. वंशवृक्षाच्या तीन वेबसाइट्सना तो वर्षानुवर्षं पैसे भरत होता. चौबळ हे नाव इंग्रजीत जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे त्यानं लिहून पाहिलं, आणि दर वेळी वेबसाइटनं त्याला आयर्लंडमधल्या कोणाच्या तरी बाप्तिस्म्याची नोंद प्रेमानं आणून दिली. आजोबा क्युबात पोचलेच नसावेत असा निष्कर्ष त्यानं दोनदा काढला होता.

चैत्राली ज्या विद्यापीठात शिकत होती तिथल्या ग्रंथालयात क्युबाची जुनी दैनिकं आणि साप्ताहिकं स्कॅन करून ठेवलेली होती. तिनंही आधी चौबळच शोधलं आणि तिलाही काही मिळालं नाही. मग एकदा तिच्या घरमालकीणबाईंनी, ज्या लहानपणी हवानाहून आल्या होत्या, टपालपेटीवर भाडेकरूचं नाव लावलं: मिस अवधूत. चैत्राली अवधूत टिपणीस या नावातलं अवधूत हे आडनाव, कारण ते आधी येतं, म्हणजे वडिलांकडचं. टिपणीस शेवटी, म्हणजे आईचं माहेर. त्यांच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात आणि हाक मारायची ती पहिल्यानं. बाईंना यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं.

चैत्राली त्या पेटीपुढे किल्ली हातात घेऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की गुरुनाथ राजाराम चौबळ बोटीवरून उतरले त्या क्षणी सेन्योर, म्हणजे श्रीयुत, राजाराम झाले असणार. क्युबाच्या हिशेबानं तिच्या वडिलांनी एवढी वर्षं आपल्या आजोबांना त्यांच्या आईच्या आडनावानं हाका मारल्या होत्या.

"म्हणजे मी मूर्ख," अवधूत म्हणाला.

"नाही बाबा, तुम्ही मराठी आहात," चैत्राली म्हणाली. हे तिनं सांत्वन म्हणून म्हटलं होतं.

राजाराम शोधल्यावर आधी एका शर्यतीच्या घोड्याच्या पुष्कळ बातम्या आल्या, कारण कॉम्प्युटरला जुना छापा नीट वाचता येत नाही आणि घोड्याचं नाव राजा होतं. घोडा बाजूला केल्यावर माणूस निघाला.

पहिलं पान टीव्हीवर आलं. पिवळट, मायक्रोफिल्मवरच्या चऱ्यांनी भरलेलं, पाऊस पडत असताना छापल्यासारखं. हवानाच्या एका दैनिकातलं समाजवृत्ताचं सदर होतं. तिथे तेव्हा कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या मुलीचा वाढदिवस झाला, सगळं छापून येई. त्या दिवशी एका बाईंच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन सुखरूप पार पडल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच्या खाली चार ओळी.

"'आपल्या राजधानीत सध्या,' वेट, 'एक नामवंत तरुण हिंदू केमिस्ट, सेन्योर राजाराम, मुक्कामाला आहेत.' हिंदू म्हणजे रिलिजन नाही हं आजी, ते सगळ्याच इंडियन्सना तसंच म्हणायचे. 'कामाग्वे प्रांतातल्या साखर कारखान्याकडे ते लवकरच रवाना होतील. आमची हवा आपल्याला फार मानवली असं त्यांनी सांगितलं.'"

सुलभाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"हवा मानवली असं ते कुठेही गेले की म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पेणला मलेरिया झाला तेव्हासुद्धा म्हणाले होते."

हे वाक्य भाऊंचंच होतं याबद्दल शंका उरली नाही. अवधूतनं यामिनीकडे बघितलं. आजोबा क्युबात पोचले होते, हे घराण्याला एकोणसत्तर वर्षांनी कळलं होतं, आणि तेही टॉन्सिल्सच्या खाली.

दुसरं पान एका सचित्र साप्ताहिकाचं होतं. कारखान्याच्या क्लबातला नाच, दोन पानांवर पसरलेला फोटो. डाव्या पानावर पांढऱ्या सुटातला, तेल लावून केस मागे वळवलेला एक सावळा माणूस कॅमेऱ्याकडे बघून जरा जास्त हसत होता. त्याच्या दंडावर एका बाईचा हात होता. गोरा, कोपरापर्यंत उघडा, मनगटात जाड बांगडी. कोपराच्या पुढे अंकाची शिवण सुरू होत होती. ज्यानं कोणी ते स्कॅन केलं त्यानं अंक पुरता उघडला नव्हता, आणि बाकीची बाई शिवणीत गेली होती.

"पुढच्या पानावर येत असेल की ती," अवधूत म्हणाला.

चैत्रालीनं पुढचं पान लावलं. तिथे एक पाम वृक्ष होता आणि बँडमधला अर्धा ट्रम्पेटवाला.

"फोटोखाली काय लिहिलंय?" यामिनीनं विचारलं.

"'सेन्योर राजाराम आणि', मग ते पण आत गेलंय."

यानंतर अर्धा तास टिपणीस-चौबळ कुटुंबानं एका हातावर चर्चा केली. यामिनीचं म्हणणं पडलं, की फोटोग्राफर लोक उगाच कोणालाही कोणाच्या शेजारी उभं करतात. तिच्या ऑफिसच्या पार्टीत तिला सीईओबरोबर उभं केलं होतं. अवधूतला तो हात वयस्कर वाटला, मॅनेजरच्या बायकोचा वगैरे. चैत्रालीनं हात मोठा करून दाखवला, वयस्कर नव्हता. एवढा वेळ शुभा बोलली नव्हती. खरं तर हा तिचा दिवस होता. लहानपणापासून ती जे म्हणत आली त्याला आता मनगट होतं, बांगडी होती.

पण शुभा हाताकडे बघतच नव्हती. माहेरी भाऊंचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात मुंडावळ्यांच्या आड फक्त हनुवटी दिसायची. त्यांचा चेहरा ती आज पहिल्यांदा बघत होती. पांढऱ्या सुटातल्या त्या माणसाचे कान बाहेर आलेले होते, कपबशीच्या कानांसारखे. शुभानं सोळाव्या वर्षापासून कान झाकतील असेच केस ठेवले होते. आईचे कान छोटे, ताईचे छोटे, मामांचे छोटे. हे कुठून आले असं कोणी विचारलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. शुभानं केसांखाली बोट घालून कान चाचपला. तिला कोणी पाहिलं नाही. सगळे बांगडीत होते.

"बोल ना," सुलभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "बोल की शुभे. तुझंच खरं झालं."

"मी काही म्हटलं नाही ताई."

"तेच म्हणते. आजच बरी गप्प." सुलभाताई उठल्या. "अवधूत, सांग तुझ्या गुरुजींना या म्हणावं. कर काय करायचं ते. तीळपाणी दे आणि मोकळा हो."

त्या डेकवर जाऊन बसल्या. अवधूतला हवी होती ती परवानगी मिळाली होती आणि तिचं काय करावं हे त्याला समजेना. असा होकार नोकरीत मिळाला असता तर त्यानं ताबडतोब ईमेलनं कन्फर्म करून घेतला असता.

डेकच्या पलीकडे शेजाऱ्यांचं लॉन आणि त्यांच्या लॉनपलीकडे त्यांच्या शेजाऱ्यांचं. सुलभाताईंना या देशात येऊन बारा वर्षं झाली तरी एवढ्या गवतात एकही माणूस का नसतो हे कोडं सुटलं नव्हतं. त्या आईचा विचार करत होत्या. दर वर्षी गणपतीच्या आधी आई भाऊंचे सदरे ट्रंकेतून काढायची, धुवायची, इस्त्री करून परत ठेवायची. कॉलरची फॅशन बदलली तेव्हा म्हणाली, आले की नवे शिवून घेतील. कुंकू शेवटपर्यंत लावलं. ठाण्याला आई गेली तेव्हा दारात गुरुजींनी विचारलं होतं, बाई सवाष्ण ना? मामा खाली बघायला लागले. शुभा तोंड उघडणार तेवढ्यात सुलभाताई म्हणाल्या, हो, सवाष्ण. आईला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. गल्लीतल्या बायका पाया पडून गेल्या. शुभा त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नव्हती.

म्हणून भाऊ गेले असं म्हणायचं नव्हतं. कधी गेले, हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला असता. आईच्या आधी, की नंतर? आणि आता तो हात आला होता. आई ज्या माणसाचे सदरे इस्त्री करत होती त्याच्या सुटाला दुसरी कोणी इस्त्री करत होती, एवढंच त्या हातानं सांगितलं होतं, आणि ते पुरेसं होतं.

दार सरकलं. यामिनी होती.

"आई, आत या जरा. चैत्रालीकडे अजून एक पान आहे. ती म्हणते तुम्ही असल्याशिवाय वाचणार नाही."

"त्यात पाय आहेत का कोणाचे?"

"फोटोच नाहीये त्यात," यामिनी म्हणाली. "नुसती बातमी आहे."

सुलभाताई आत आल्या, पण सोफ्यावर बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

पान मे १९५७ चं होतं. अर्ध्या पानात फ्रिजची जाहिरात, फ्रिजचं दार उघडून आनंदानं थक्क झालेली बाई, आणि तिच्या शेजारी प्रांतातल्या बातम्यांचा एक लांबट रकाना. चैत्राली सावकाश वाचत होती. स्पॅनिश मनात, मराठी तोंडात, आणि मधे जिथे अडेल तिथे इंग्रजी.

"'काल संध्याकाळी कारखान्याच्या क्लबात इंजिनियर आणि केमिस्ट मंडळींनी आपले सहकारी सेन्योर राजाराम यांना निरोप दिला. गळीत हंगाम संपल्यामुळे ते पुढच्या आठवड्यात हवानाहून बोटीनं निघून आपल्या दूरच्या मायदेशी परत जात आहेत. तिथे त्यांची', अं, 'सद्गुणी पत्नी त्यांची वाट पाहत आहे, आणि दोन लहान मुली, ज्यांतल्या धाकटीला त्यांनी अजून पाहिलेलं नाही.'"

"थांब," शुभा म्हणाली.

चैत्राली थांबली.

"परत वाच."

चैत्रालीनं परत वाचलं. पत्नीपासून.

"धाकटीला असंच लिहिलंय? का तू आपलं घालतेस, मला बरं वाटावं म्हणून?"

"नाही शुभाआजी. हे बघा ना, इथे. ला मेनोर. धाकटी. तिला ते अजून भेटले नाहीत, असं."

"ला मेनोर," शुभा म्हणाली. ती उठून टीव्हीपर्यंत गेली आणि स्क्रीनवर त्या शब्दावर बोट ठेवलं. एडिसनला तिच्या घरी कोणी टीव्हीला बोट लावलं तर ती ओरडायची. "म्हणजे पत्र पोचलं होतं. मी झाले ते कळलं होतं त्यांना."

'त्यांना' हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, आणि ते सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चैत्रालीनं उरलेलं वाचलं: भाषण करताना सेन्योर राजाराम यांचा कंठ दाटून आला, त्यांना चांदीची सिगारेट केस भेट देण्यात आली, आणि नाच उशिरापर्यंत चालला.

"सिगारेट ओढत नव्हते," सुलभाताई म्हणाल्या. मग त्या सोफ्यावर बसल्या. "निघाले होते. म्हणजे आई म्हणायची ते बरोबर होतं. निघाले होते."

"मग पोचले का नाहीत?" अवधूतनं विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच उत्तर द्यायला लागला. बोटीवर काहीतरी झालं असेल. आजारी पडले असतील. तेव्हा दोन बोटी बदलायला लागायच्या, मधल्या एखाद्या बंदरात ताप आला असेल, कोणाला काय माहीत कोण कुठला. तो बोलता बोलता फोनवर त्या वर्षीच्या बोटींचे अपघात शोधत होता. मे आणि जूनमध्ये त्या वाटेवर एकही बोट बुडाली नव्हती, पण हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

"वाटेत गेले," सुलभाताई म्हणाल्या. घराण्यात हे शेवटी कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं. म्हणताना त्यांचा चेहरा वर्षानुवर्षं उचललेली पिशवी खाली ठेवल्यासारखा झाला. "घरी यायला निघालेला माणूस वाटेत गेला तर त्याचं करायला हवं. उद्या किती वाजता येणार तुझे गुरुजी?"

"दहाला."

"उद्या नको," शुभा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. श्राद्धाची सर्वात जुनी समर्थक विरोधात गेली होती.

"अगं, तूच म्हणत होतीस ना, करून टाका म्हणून?" सुलभाताई म्हणाल्या.

"तेव्हा तो माणूस वेगळा होता. ताई, तुला आठ वर्षं मिळाले ते. मला आत्ता मिळालेत, दुपारी. उद्या दहाला पोचवायचे? पुढच्या वर्षी करू या की. एवढी वर्षं नाही केलं, अजून एक."

"पुढच्या वर्षी अमावस्या रविवारी नाहीये," अवधूत म्हणाला. लगेच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं.

सुलभाताईंनी बहिणीला शेजारी बसवलं. काय बोलल्या ते इतरांना नीट ऐकू आलं नाही, कारण त्या हळू बोलत होत्या. आईच्या हिरव्या साडीचा विषय निघाला असावा. शुभा मान हलवत होती. आधी नाही म्हणून, मग कशालातरी हो म्हणून. एका क्षणी सुलभाताईंनी तिचे केस कानामागे सारले आणि तिनं ते तसेच राहू दिले.

"मग पिंडाला मीसुद्धा हात लावणार," शुभा शेवटी म्हणाली. "मुलीनं लावलेला चालतो का, विचार तुझ्या गुरुजींना."

अवधूतनं मेसेज केला. गुरुजींकडून अंगठा आला.

मग घरात एकदम कामं सुरू झाली. सुलभाताईंनी काळे तीळ आहेत का विचारलं. घरात फक्त बेगल पावावरचे होते. दर्भ गुरुजी आणणार होते, पण जव, भाजीचं केळं, कारली आणायची होती. भाऊंना अळूवडी आवडायची, तेव्हा अळूची पानं. शुभानं सोडे फ्रीजरमध्ये मागच्या बाजूला, वाटाण्याच्या पिशवीखाली सरकवले आणि यामिनीला सांगितलं की उद्या काही ते दिसता कामा नयेत. अवधूत पिंडासाठी तांदूळ निवडायला बसला. कित्येक महिन्यांत तो इतका कामात दिसला नव्हता.

यामिनी आणि चैत्राली गाडी घेऊन इंडियन ग्रोसरीत गेल्या. शनिवारची गर्दी होती. पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून जागा मिळाली. यामिनीनं इंजिन बंद केलं. चैत्राली उतरली नाही.

"काय गं? बरं नाही का वाटत?"

"आई, एक अजून आहे." चैत्राली फोनवर काहीतरी उघडत होती. "मला ते कळलं नव्हतं आधी, म्हणजे मी सर्चमध्ये पाहिलं होतं पण मला वाटलं वर्ष चुकलंय. मगाशी शुभाआजी आत गेल्या ना, तेव्हा परत चेक केलं. वर्ष बरोबर आहे."

यामिनीनं फोन घेतला. लहानसा चौकोन होता, एका दैनिकाच्या क्रीडापानाच्या तळाचा. तिला स्पॅनिश येत नव्हतं, पण मधे आकडे होते, आणि आकड्यांच्या रांगेत एक नाव होतं जे आज तिनं दिवसभर ऐकलं होतं.

त्या कारखान्यांत ऊस तोडायला जमैका आणि बार्बेडोसहून माणसं आलेली असत, चैत्रालीनं सांगितलं, आणि त्यांच्या क्रिकेटच्या टीम असत. दोन कारखान्यांची मॅच होती. कधीमधी ऑफिसातला एखादा साहेब टीममध्ये घ्यायचे.

"दुसरा कोणी राजाराम असेल," यामिनी म्हणाली.

"आई. क्युबात. त्याच कारखान्यात. हाऊ मेनी?"

एक बाई कार्ट ढकलत पुढून गेली, तिच्यामागे दोन मुलं भांडत होती. यामिनी फोनकडे बघत राहिली. सिगारेट केस घेतली, कंठ दाटून आला, सगळ्यांनी निरोप दिला, आणि मग पुढच्या आठवड्यात काय झालं असेल? हवानाला गेले तरी का? तिकीट काढलं होतं का? तिच्या डोळ्यांपुढे सारखा तो हात येत होता. त्यानं काही सिद्ध होत नव्हतं, आणि तिला काही सिद्ध व्हायला नको होतं. सोफ्यावर आत्ता दोन म्हाताऱ्या बहिणी खांद्याला खांदा लावून बसल्या असतील. तिच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, एवढ्यात तिनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"सांगायचं का आजीला?" चैत्रालीनं विचारलं. "सांगायला पाहिजे ना? इट्स हर डॅड."

"हो."

"कधी?"

यामिनीनं फोन परत दिला. "तू अळूची पानं बघ. देठ काळे असलेली घे. मी तीळ घेते."

चैत्रालीनं फोन खिशात टाकला आणि ती उतरली.

बातमी ऑगस्ट १९५८ ची होती. सेन्योर राजाराम सातव्या क्रमांकावर खेळायला आले आणि चार धावा काढून त्रिफळाचीत झाले.